उजागरेंचा आक्षेप

समस्त मानवजातीला, आणि विशेषतः मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या सोसायटीच्या सर्व ब्लॉकना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की 'झेफिरा' या अंतराळयानाची सूत्रं एका नव्या दिग्दर्शकाच्या हाती देण्याचा प्रस्ताव श्री. भास्कर सॅम्युएल उजागरे, बी ब्लॉक, तळमजला, यांनी नामंजूर केला आहे.

हा प्रस्ताव उजागरेंकडे पाठवला कुणी, असं तुम्ही विचाराल. कुणीच नाही. ज्या परदेशी कंपनीने ही जुनी सिनेमामालिका पुन्हा सुरू करायचं ठरवलं, तिला उजागरे नावाचा माणूस पृथ्वीवर आहे याचा पत्ताही नाही. पण उजागरेंनी सगळी हयात इथे दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात काढली आणि अंडर सेक्रेटरी म्हणून ते निवृत्त झाले. जगात कुठेही काही व्हायचं असलं की ते आपल्या सहीसाठी अडून राहिलंय, असं त्यांना अगदी मनापासून वाटतं.

मूळचे अहमदनगरकडचे. आवाज मऊ, केस चोपून बसवलेले, आणि बोलणं सगळं फायलीच्या समासात लिहिल्यासारखं. भाजीवाल्याने वांगी पुढे केली की म्हणणार, "तपासून सादर करा." तो बिहारचा गडी आता खरोखर वांगी उलटीपालटी करून, वाकून सादर करतो. माझ्या बायकोने एकदा त्यांना उपमा दिला, तर दोन घास खाऊन म्हणाले, "तत्त्वतः मान्यता. मिठाबाबत चर्चा करावी." बायकोने ते इतकं मनावर घेतलं की पुढे उपमा करताना ती मीठ घालायच्या आधी माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच ती फाईल दाबून बसलोय.

ज्यांना झेफिरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झेफिरा हे एक गळकं अंतराळयान. त्यावर कॅप्टन ओल्डन नावाचा एक थकलेला माणूस आणि टिब नावाचा, अंधाराला घाबरणारा यंत्रमानव. दोघं मिळून घरी परत जायचा रस्ता शोधतायत. तीन सिनेमे झाले तरी सापडला नाही. आपल्याकडे ते हिंदीत डब होऊन आले आणि दिल्लीतल्या एका पिढीने ते शाळा बुडवून पाहिले. उजागरेंनी ऑफिस बुडवून पाहिले नाहीत. रीतसर रजा टाकली, कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं आणि मुलाला, नितीनला, खांद्यावर बसवून घेऊन गेले. त्यांच्या मते हिंदी झेफिरा हाच अस्सल. मूळ इंग्रजी म्हणजे त्याचं बऱ्यापैकी भाषांतर.

आमच्या सोसायटीत या विषयावर दर रविवारी सभा भरते. हिवाळ्यात दिल्लीकर उन्हासाठी घर सोडून लॉनवर येतो, तसे आम्हीही अकराच्या सुमारास प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून बसतो. शेंगदाणे, तिळगुळाची गजक, किनू संत्र्यांची सालं. सभासद मोजके. निवृत्त बँक मॅनेजर चोप्रा, जे नव्या दिग्दर्शकाचे कट्टर समर्थक. माझी मुलगी मीनल, जी नोएडाला नोकरी करते आणि तीही त्याच पक्षात. मी, ज्याला झेफिरातलं काही कळत नाही, पण भांडण लागलेलं फार आवडतं. आणि विरोधी पक्ष म्हणजे एकटे उजागरे, चर्चमधून परस्पर आलेले, कोट-टायमध्ये.

"उजागरेजी, आपने उस लडके की पिच्चर देखी है?" चोप्रा सुरुवात करायचे.

"आक्षेप पिच्चर पे नहीं है. आक्षेप प्रक्रिया पे है."

"कौनसी प्रक्रिया?"

"यही तो. कोई प्रक्रिया थी ही नहीं."

नव्या दिग्दर्शकाने याआधी एकच लहानसा सिनेमा केला होता. एका आडवळणाच्या स्टेशनवरचा म्हातारा सिग्नलवाला, आणि दिवसातून जाणारी एक गाडी. बाकी काही नाही. चोप्रांना तो पाहून रडू आलं होतं. अर्थात चोप्रांना बिस्किटांच्या जाहिरातींनीही रडू येतं.

"काका, यार, एक चान्स तर द्या ना बिचाऱ्याला," मीनल म्हणायची.

"चान्स तात्पुरत्या नेमणुकीत देता येतो, बेटा. हा कायम नेमलाय. शिवाय सिग्नलवाला एका जागी उभा असतो आणि यान हलतं. अनुभव लागू होत नाही."

एकदा मी वैतागून मराठीत म्हणालो की हा माणूस आडमुठा आहे. मीनल म्हणाली, "बाबा, आडमुठा म्हणजे?" दिल्लीत वाढलेली मुलगी, असे शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. मी नुसतं बोट दाखवलं. उजागरेंनी किनूची फोड तोंडात टाकत मान डोलावली. "व्याख्या मान्य," म्हणाले.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, आणि असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. चढा, तरणा, मजेत आलेला. "नाही, नाही, नितीन, तुझा मुद्दाच चुकतोय. टिब अंधाराला का घाबरतो, ते त्या पोराला कळलेलं आहे का? पुरावा दे." पलीकडून नितीन, जो बायको अदितीबरोबर मेलबर्नला असतो, काहीतरी ठासून सांगत होता, तर हे टेबलावर बोटं वाजवत "चूक, साफ चूक" म्हणत होते. मी डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसून राहिलो. फोन संपला तेव्हा उजागरेंचा चेहरा लाल झाला होता. टेबलावर चहाचा कप तसाच, साय धरलेला.

"उजागरे, खरं सांगा," मी म्हणालो. "तो सिग्नलवाल्याचा सिनेमा पाहिलात तुम्ही?"

"दोनदा."

"मग?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू चोप्रा बाहेर कान लावून उभे आहेत. मग हळूच म्हणाले, "सुंदर आहे हो. पोरगा फार गुणी आहे. झेफिराला याच्याहून चांगला माणूस मिळायचा नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. महिनोन् महिने ज्या माणसाने लॉनवर किल्ला लढवला, तो आतून शत्रूला कधीच सामील झाला होता.

"मग हे आक्षेप कशाला?"

ते उठले, चहा गरम करायला ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बोलत राहिले. "मार्था होती तोवर नितीनचा फोन तिला यायचा. माय-लेक तासभर बोलायचे. शेवटी ती म्हणायची, आता बाबांशी बोल. मग मी विचारायचो, पाऊस आहे का तिकडे? तो सांगायचा, आहे. किंवा नाही. झालं. बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं, जोगळेकर. ती गेल्यावर फोन मला यायला लागला. जेवलात? जेवलो. गोळी? घेतली. बरं, ठेवतो बाबा. त्याचंही काही चुकत नव्हतं. विषयच नव्हता."

चहा उकळून वर आला, त्यांनी गॅस बारीक केला.

"मग ही नव्या दिग्दर्शकाची बातमी आली. नितीनने ती मला पाठवली, खाली लिहिलं, मस्त ना बाबा? मलाही मस्तच वाटलं होतं. पण हाताला सवय. मी लिहून गेलो, आक्षेप आहे. दहा मिनिटांत पोराचा फोन. बाबा, आक्षेप कसला? त्या दिवशी चहा दोनदा गरम करावा लागला मला."

त्यांनी चहा दोन कपांत गाळला.

"ऑफिसात मी एक पाहिलंय," ते म्हणाले. "फाईलवर शंका आहे तोवर ती टेबलावर येत-जात राहते. सगळ्यांचं एकमत झालं की फीत बांधून रेकॉर्ड रूममध्ये. तिथून परत कोण काढतो?"

त्यानंतर मी सभेत त्यांच्या बाजूने बोलू लागलो. मीनलला वाटलं, बाबांचं डोकं फिरलं. चोप्रांनी माझ्या वाटणीची गजक बंद केली. पण मी निष्ठेने पक्ष सांभाळला.

पुढे संकट आलं ते ट्रेलरच्या रूपाने. ट्रेलर उत्तम होता. मीनलच्या फोनभोवती आम्ही सगळे डोकी जोडून उभे होतो. गळकं यान तसंच गळत होतं. अंधारात टिबने कॅप्टनची बाही धरली आणि चोप्रांनी रुमाल काढला. मी मात्र उजागरेंकडे बघत होतो. क्षणभर त्यांचा चेहरा जत्रेत आलेल्या पोरासारखा झाला. मग त्यांना आपलं पद आठवलं. टाय नीट करत म्हणाले, "विचाराधीन."

पण आता विरोध करायचा तरी कशाला? इंटरनेटवरचे जुने भांडखोरही एकेक करून नव्या दिग्दर्शकाचे भक्त झाले. उजागरेंचा साठा संपत आला. मग एका संध्याकाळी आमची बेल वाजली. शेजारी विरजण मागायला येतात ना, तसे दारात उभे. "जोगळेकर, घरात एखादा आक्षेप असेल तर द्या. माझे संपलेत. परवा रविवार आहे."

मी म्हणालो, "अंतराळात आवाज पोचत नाही म्हणतात. मग इंजिनाची घरघर कशी ऐकू येते?"

"जुन्या तिन्हींत येत होती. नितीन एका वाक्यात उडवून लावेल."

"कॅप्टन फार तरुण वाटतो."

"तो झालाय वापरून."

माझी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या कॅप्टनचा शर्ट किती चुरगळलेला आहे. आधीचा कसा कडक इस्त्रीत असायचा."

उजागरे विचारात पडले. ओठ हलवत त्यांनी तो मुद्दा मनात घोळवून पाहिला. "हा टिकेल," ते म्हणाले. "शिस्तीचा प्रश्न आहे. त्यावरून जुन्या कॅप्टनच्या स्वभावावर येता येईल. वहिनी, आभारी आहे." आणि खरंच, तो शर्ट त्यांना पुढच्या रविवारी चांगला पुरला. मला जिन्यात भेटले तेव्हा सांगत होते की इस्त्रीवरून गोष्ट पार नितीनच्या शाळेच्या गणवेशापर्यंत गेली, आणि मार्था तो उशीखाली घालून कशी कडक करायची हे नितीनला अजून आठवतं.

जानेवारीतल्या एका रविवारी धुकं उशिरा निवळलं. ऊन जेमतेम अंगाला लागत होतं. उजागरे चर्चमधून आले, बसले, आणि त्यांनी माझ्या कानात सांगितलं की आज मुद्दा जोरदार आहे. टिबचा डोळा पूर्वी पिवळा पेटायचा, आता पांढरा पेटतो. हा मुद्दा त्यांनी स्वतः शोधला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नितीनचा फोन एरवी दुपारी, ते घरी गेल्यावर यायचा. त्या दिवशी लॉनवरच वाजला.

"स्पीकर पे लीजिए," चोप्रा म्हणाले. "हम भी तो सुनें, हमारा वकील क्या कहता है."

उजागरे नको म्हणेपर्यंत मीनलने बटण दाबलंही होतं. फोन शेंगदाण्यांच्या ताटलीला टेकवून उभा केला. उजागरेंनी घसा साफ केला. "नितीन, एक गंभीर बाब निदर्शनास आली आहे. टिबचा डोळा."

मग नितीन म्हणाला, "बाबा, थांबा. मला आज वेगळंच सांगायचंय. अदिती मला म्हणत होती, तू दर रविवारी बाबांशी नुसता वाद घालतोस. ते तिथे एकटे, आणि तू त्यांचं डोकं खातोस. तिचं खरं आहे. सॉरी बाबा. मी ट्रेलर परत पाहिला. तुमचं बरोबर आहे. डोळा, शर्ट, सगळंच. पटलं मला."

मीनलने चोप्रांना हिंदीत समजावलं. चोप्रा दिलदार माणूस. पराभव विसरून त्यांनी उठून उजागरेंच्या पाठीवर थाप मारली. "मुबारक हो, उजागरेजी. आप तो जीत गए." मीनलनेही टाळ्या वाजवल्या.

उजागरे खुर्चीच्या कडेला आले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर ताटलीतल्या फोनवर. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी घाईघाईने एखादा मुद्दा शोधू लागलो, पण मला काही केल्या सुचेना.

"चला मग, बाबा," नितीन प्रेमाने म्हणाला. "आता नाही भांडणार. जेवून घ्या वेळेवर."

तेव्हा उजागरे पुढे वाकले, आणि चोप्रा, मीनल, बाजूच्या खुर्च्यांवरचे लोक, सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, पटलं म्हणू नकोस रे. पटलं की तू फोन ठेवतोस."