कंट्रोलच्या उंदरिणी

नलूला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणलं, ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. त्याच साली तिच्या वडिलांची, पवनारच्या दौलतराव भोयरांची, नोकरी पक्की व्हायची होती. दौलतराव नदीकाठी दीड एकरात भाजी करत आणि नऊच्या बसनं मेडिकल कॉलेजात जात. तिथल्या उंदीरघरात ते आठ वर्षांपासून टेंपररी होते. दर सहा महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं कामावर घेत. त्या एका दिवशी उंदरांना कोण खाऊ घालतं, हे कोणी कधी विचारलं नाही.

या वेळी मात्र डॉक्टर अन्नपूर्णा पिंपळापुरेबाईंनी शब्द दिला होता. “माझा प्रयोग नीट पार पडू द्या, दौलतराव. तुमच्या अर्जावर मी स्वतः शिफारस लिहिते.”

प्रयोग साठ पांढऱ्या उंदरिणींवर होता. सगळ्यांना गाठ येण्याचं औषध दिलं होतं. लोखंडाला गंज चढतो तसा शरीरालाही चढतो, आणि तो अडवणारे काही पदार्थ असतात, असं बाईंचं म्हणणं. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. तेव्हा तीस जणींना खाद्यात आवळ्याची पूड आणि गव्हाच्या अंकुराचं तेल द्यायचं. त्यांना गाठी कमी येतात का आणि पिल्लं नीट होतात का, ते बघायचं. उरलेल्या तीस जणींच्या ओळीवर बाईंनी ठळक अक्षरात पाटी लावली : ‘कंट्रोल’.

“ह्या तीस जणी कंट्रोलच्या काय, बाई?”

“हो. त्यांना साधं खाद्य. वरून काही नाही.”

“बिचाऱ्या.”

“बिचाऱ्या कशाच्या? कंट्रोलशिवाय प्रयोगच होत नाही.”

“हे तं खरं हाय जी. कंट्रोलशिवाय आमचं घरबी चालत नाई.”

बाई हसल्या. दौलतराव विनोद करतात, असं त्यांना वाटलं. पण कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, हे पवनारात सगळ्यांनाच ठाऊक होतं. कंट्रोलचं धान्य म्हणजे निम्मे खडे आणि वर घासलेटचा वास.

घरी मनकर्णाबाई लेकीसाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. दौलतराव पाटावर टेकले.

“तिथं आता उंदरायलेबी कंट्रोल लागू झालं.”

“आपल्या कोठीतले तं बिनकार्डाचे खातात,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“हसू नको. तीस जणी हायेत. साऱ्या दोन जिवाच्या होतीन. अन् समोरच्या ओळीत आवळा काय, तेल काय. ह्या नुसत्या पाहून राह्यल्या.”

मनकर्णाबाईंचा हात थांबला. “दोन जिवाच्या अन् कंट्रोलवर? काऊन, तुमच्या डॉक्टरणीले आई नाई काय?”

दुसऱ्या दिवसापासून दौलतरावांच्या पिशवीत दुसरा डबा आला. त्यात पालक, मेथी, किसलेलं गाजर, टमाटे, आणि वरून लाडवाचा चुरा. नलूला जे, तेच त्यांना.

“बाईले सांगू काय?”

“पोटुशीले खाऊ घालाले कोणाले पुसा लागते जी?”

पाच महिन्यांत कंट्रोलच्या उंदरिणी गुबगुबीत झाल्या. एकेकीला अकरा-अकरा पिल्लं. गाठी शोधूनही सापडेनात. आवळ्याच्या ओळीत एकेकीला सातच पिल्लं, आणि गाठी मात्र भरपूर. बाईंनी तराजू बदलला. मग कारंज्याचा आवळा बंद करून दुसरीकडून आणवला. मग तेल बदललं. कंट्रोलची ओळ फुगतच राहिली, कारण नलूचे महिने भरत आले होते आणि डब्यात आता बदामही येत होते.

एका दुपारी बाई पिंजऱ्यापुढे स्टुलावर बसून राहिल्या.

“दौलतराव, माझा प्रबंध गेला. आवळ्यानं अपाय होतो, असं लिहावं लागेल. तुमची शिफारस आता मी कोणत्या तोंडानं लिहू?”

दौलतराव झाडू भिंतीला टेकवून म्हणाले, “आवळ्याले बोल लावू नका, बाई. ह्या पोरी घरचं खाऊन राह्यल्या.”

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदा पाटीकडे बघितलं. त्या दौलतरावांना घेऊन थेट मोठ्या डॉक्टरांकडे, सदाशिवरावांकडे गेल्या. दौलतरावांनी मनातल्या मनात टेंपररी नोकरीचीही आशा सोडली.

सदाशिवरावांनी चष्मा पुसला. “म्हणजे भाजीपाल्यानं गाठी अडल्या. हे आवळ्यापेक्षा बरं. किती देत होता?”

“मूठभर.”

“कोणाची मूठ?”

“घरच्यायची.”

त्याच दिवशी कॉलेजची जीप पवनारला आली. अंगणात काट्याचा तराजू मांडला. मनकर्णाबाईंनी दहा वेळा चिरलेली मेथी उचलली. दहाही वेळा बेचाळीस ग्रॅम भरले.

“आता तुम्ही, दौलतराव.”

दौलतरावांची मूठ पहिल्यांदा एकतीस भरली, मग अठ्ठावन्न, मग चाळीस.

“जल्मभर असंच हाय डॉक्टरसाहेब,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मिठाले हात लावू देत नाई मी ह्यायले.”

प्रयोग नव्यानं करायचं ठरलं. पहिल्या कंट्रोलच्या पाटीवर ‘भाजीपाला’ लिहायचं, आणि नवीन कंट्रोल दुसऱ्या खोलीत, कुलपात. सदाशिवरावांनी एकच अट घातली : हात बदलला की प्रयोग बदलला, तेव्हा खाद्य एकाच हातानं बनलं पाहिजे आणि तो हात मध्येच सोडून जाता कामा नये. कॉलेजात आहार सहायकाची एक जागा रिकामी होती, आणि ती पक्की होती.

नलूला मुलगी झाली त्या आठवड्यात ऑर्डर आली. दौलतरावांनी ती नाव येईपर्यंत उभ्यानं वाचली आणि मग बसून पुन्हा वाचली. ऑर्डर श्रीमती मनकर्णाबाई दौलतराव भोयर यांच्या नावाची होती.

तेव्हापासून दोघं एकाच बसनं जाऊ लागले. दर सहा महिन्यांनी दौलतराव एक दिवस घरी बसत आणि मनकर्णाबाई एकट्याच निघत.

“वांग्याले पाणी देजा,” त्या दारातून सांगत. “अन् भात टाकतानी तांदूळ माह्या वाटीनं मोजजा.”

बाईंचा प्रबंध मंजूर झाला. त्यात एका तळटिपेत मनकर्णाबाईंची मूठ आहे, ग्रॅमसकट. दौलतरावांचा अर्ज दरवर्षी वर जाई आणि जागा नाही म्हणून खाली येई.

दौलतराव पक्के झाले ते शहाऐंशीच्या मे महिन्यात, बायकोच्या जागेवर. ऑर्डरीत ‘अनुकंपा तत्त्वावर’ असं लिहिलं होतं. मनकर्णाबाई ११ फेब्रुवारी १९८६ रोजी तीन दिवसांच्या तापानं वारल्या.