शर्वरीबाईंची हरकत आणि भाताची तोफ

श्री. बोलणारास एक नमस्कार, ऐकणारास दोन, आणि गप्प बसून राहणारास साष्टांग. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य पंचमीस डोंगरावरील एका राज्यावर एक स्वारी चालून आली. ती कैसी आली, काय लढली आणि अखेर कोठे पाडाव जाहली, हे साहेबीं पुसिले, म्हणोन ध्यानी होते तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. राज्य म्हणजे एक शाळा, मुले एकेचाळीस, शिक्षक सात, म्हैस एक, आणि सारी वस्ती तेथेच राहणारी. क्वेकर म्हणोन एक शांत लोक आहेत, ते आपणास नुसते 'मित्र' म्हणवितात, त्यांनी ती वसविली. येथे राजा नाही, प्रधान नाही, आणि बखर लिहिणाराच्या पोटावर पाय यावा ऐसा कायदा हा की कोणासही पदवी नाही. मुख्याध्यापिका मार्था सोनवणे, वय एकसष्ट, केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात, त्यांस दहा वर्षांचे पोर "मार्था, माझी चप्पल बघितलीस का?" म्हणोन पुसते, आणि त्या खाली वाकून पलंगाखाली पाहतात. हे लिहिताना लेखणी अडखळली. आम्ही आपले मार्थाबाईसाहेब ऐसेच लिहू. कायदा त्यांचा, कागद आमचा.

आणखी एक रीत. रोज सकाळी सारे राज्य सभामंडपी सतरंजीवर गोल बसते आणि अर्धा तास कोणी बोलत नाही. ज्यास आतून काही उमगले त्याने उठावे, चार शब्द बोलावे, पुन्हा बसावे. न उमगले तर नाक, कान, गुडघा जे खाजेल ते मुकाट सोसावे. मसलतीही तैशाच. हात वर करून मोजणी नाही, बहुमत नाही. सर्वांचे मन एक होईल तेव्हा ठराव. एकाने जरी "माझी हरकत आहे" म्हटले की ठराव जागीच उभा, मग तो हरकतदार सहा वर्षांचा का असेना. आणि हरकत घेतली की तोफ. राज्यात बंदूक नाही, तलवार नाही, कांदा चिरावयाच्या विळीवरही दोनदा विचार होतो, परंतु भात शिजविण्याचा एक टोप आहे, आत पोर बसावे एवढा थोरला, बुडास काळा कुळकुळीत, त्यास मुले तोफ म्हणतात. ज्याचा ठराव अडला आणि ज्याने अडविला, त्या दोघांनी मिळून ती तोफ राखेने आणि काथ्याने घासावयाची, आणि घासता घासता बोलावयाचे. हा कायदा पंथाचा नव्हे, या राज्याच्या स्वयंपाकघरातलाच. कोणी काढिला ते ठाऊक नाही, परंतु ज्याने काढिला त्यास घासावयाचा कंटाळा असावा.

आता स्वारीचे वर्तमान. शर्वरीबाई गवाणकर, वय तेरा, उंची बेताची, राग उंचीहून अधिक. यांचे तीर्थरूप हरिश्चंद्रराव बांधकाम खात्यात बडे अंमलदार, त्यांनी एके दिवशी वरणभात कालविता कालविता हुकूम फर्माविला, "सोमवारी निघायचंय. डोंगरावरच्या शाळेत. फॉर्म भरलाय." त्याच आठवड्यात शर्वरीबाईंस जुन्या शाळेच्या कबड्डी संघाचे कप्तानपद मिळाले होते. ते सांगावयास त्यांनी तोंड उघडिले, तो तीर्थरुपांनी पाणी मागितले, आणि आईने तांब्या पुढे केला, आणि गोष्ट तांब्यातच बुडाली. मला एका शब्दाने विचारिले नाही, हा सल शर्वरीबाईंचे काळजात बाभळीच्या काट्यासारखा मोडून बसला. मग राज्यात पाऊल ठेविताच येथील कायदा कानी पडला, आणि बाईंनी मनाशी मसलत केली ती ऐसी: एकाच्या हरकतीने येथे सारे अडते काय? बरे. मग इतक्या हरकती घ्याव्या, इतक्या घ्याव्या, की या लोकांनी हात जोडून मला घरी पोहोचवावे. आणि वर तीर्थरुपांस पत्र धाडिले, "मला इथून घेऊन जा, नाहीतर हे लोकच हाकलतील."

पहिली लढाई शनिवारच्या सभेत जाहली. नोएल म्हणोन चौदा वर्षांचा सभेचा चिटणीस होता, दातांस तार आणि कानामागे पेन्सिल. त्याने ठराव मांडिला की पुढील शनिवारी साऱ्यांनी धबधब्यास जावे. चाळीस तोंडे फुलली. तो शर्वरीबाई उठल्या आणि गर्जल्या, "माझी हरकत आहे!" आता दंगा होईल, कोणी तरी केस ओढील, निदान पाठीमागून खडू तरी फेकील, म्हणोन बाईंनी मान आखडून घेतली. कोणी काही केले नाही. मार्थाबाईसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं. मग तुम्ही दोघं तोफ घ्या." इतका थंड शत्रू बाईंनी पाहिला नव्हता. मग मोरीवर दोघे समोरासमोर बसले. नोएल पुसता जाहला, "धबधबा नको का तुला?" बाई म्हणाल्या, "मला काहीच नको." तो म्हणाला, "बरं," आणि घासू लागला, आणि पुढे पाव तास एक शब्द बोलला नाही. गप्प बसण्यात हे लोक लहानपणापासून तयार झालेले. बाईंस ती तालीम नाही. शेवटी त्यांचाच बांध फुटला आणि कप्तानपदाची सारी हकीकत बाहेर आली, रागाने काथ्या चालू लागला, आणि तोफेची एक बाजू लख्ख जाहली. नोएलने कानामागची पेन्सिल काढून पुसले, "कबड्डीला किती माणसं लागतात?" पुढील शनिवारी धबधब्याखालच्या माळावर आधी कबड्डी आणि मग धबधबा, ऐसा ठराव एकमुखाने जाहला. शर्वरीबाईंनी नऊ गडी बाद केले आणि संध्याकाळी ध्यानी आले, की आपण तर लढाई हरलो.

दुसरी लढाई मुदपाकखान्याशी. गजराबाई म्हणोन स्वयंपाकीण, पायथ्याच्या गावच्या, राज्याचे पोट त्यांचे हाती. मांडवावर दोडका उतू चालला, म्हणोन आठवड्यातून चार दिवस दोडका करावा, ऐसा त्यांचा ठराव. "माझी हरकत आहे!" मग पुन्हा तोफ. गजराबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "दोडका नगं, तर मग काय खाशील? सांग की. तोंड दिलंय न्हवं देवानं?" शर्वरीबाई चाचरल्या, "काकू, तसं नाही..." "काकू न्हाई, गजरा म्हन. हितं समदी तसंच म्हनत्यात. मला बी पैल्यांदा लाज वाटली हुती, आता कुनी बाई म्हनलं की मागं वळून बघतीया, दुसरीच कोन आली म्हून." मग त्यांनी दोडक्याच्या शिरांची चटणी कैसी होते, तीळ किती, लसूण किती, ते सांगितले, आणि दोन दिवस दोडका व दोन दिवस चटणी ऐसा तह जाहला. चटणी आली त्या दिवशी शर्वरीबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतली, आणि कोणी पाहू नये म्हणोन भिंतीकडे तोंड करून खाल्ली. गजराबाईंनी भिंतीच्या बाजूने येऊन चौथ्यांदा वाढिली.

ऐशा दोन महिन्यांत अकरा हरकती जाहल्या. म्हशीस पारडी जाहली, तिचे नाव शांती ठेवावे म्हटले, तेथेही हरकत. पारडी बिननावाची हुंदडू लागली. आणि दर हरकतीस तोफ, आणि दर तोफेस एक माणूस. कोणास अंधाराची भीती, कोणाची आई दूरदेशी, कोणास भूमिती येत नाही पण चित्रे सुरेख येतात, हे सारे शर्वरीबाईंस ठाऊक होत गेले. राज्याशी वैर करावयास निघालेल्या बाई राज्यातील अर्ध्या वस्तीच्या गुजगोष्टी पोटात घेऊन हिंडू लागल्या. हातास घट्टे पडले. सकाळच्या मौनात प्रथम त्या डोळे मिटून शत्रूंची गणती करीत, मग झोप काढीत, आणि श्रावणात केव्हातरी नुसत्याच बसू लागल्या. हा पराभव त्यांनी कोणास कळू दिला नाही. पत्राचा तर त्यांस विसर पडला होता.

परंतु पत्र मेले नव्हते. ते हरिश्चंद्ररावांचे मेजावर निविदांच्या ढिगात दोन महिने दडपून होते, ते भाद्रपदात वर आले. मग अंमलदारसाहेब पांढऱ्या गाडीतून ऐन सभेच्या वेळी दाखल जाहले, बुटांसकट सतरंजीच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "शर्वरी, बॅग भर. पुण्याच्या एका शाळेत बोलून ठेवलंय. सोमवारपासून." मार्थाबाईसाहेब म्हणाल्या, "हरिश्चंद्र, बसा ना." साहेबांस त्यांची आई वारल्यापासून ऐसे कोणी हाकारिले नव्हते, ते गडबडून बसलेच. मार्थाबाईसाहेब म्हणाल्या, "मुलगी तुमची आहे, आम्ही कोण अडवणार? पण इथून जाणारा सभेला सांगून जातो. आत्ता सांगितलंत. आता थोडं गप्प बसू."

आणि राज्य गप्प बसले. ज्यासाठी दोन महिने लढल्या ते दारात गाडी होऊन उभे होते, आणि आता त्यांस ते नको होते. त्यांनी नोएलकडे पाहिले, तो पेन्सिलीकडे पाही. गजराबाईंकडे पाहिले, त्या पदराचा काठ मोडीत आणि उलगडीत, आणि डोळे भरलेले, परंतु तोंड बंद. कारण जाणाऱ्याचे मन जाणाऱ्याचे, त्यात आपण हात घालू नये, हा तेथील धर्म. बाईंस भयंकर राग आला. मी तुमच्या अकरा ठरावांस आडवी पडले, आणि तुमच्यात माझ्या एकास आडवे पडण्याइतकी छाती कोणात नाही? मग ध्यानी आले, की ती छाती या राज्यात एकाच माणसास आहे. बाई उठल्या.

"माझी हरकत आहे."

साहेब चकित जाहले. "हरकत? अगं, तूच तर पत्र लिहिलंस!" "लिहिलं होतं, बाबा. पण पुण्याचं मला विचारलंत का? इथं पाठवताना तरी विचारलं होतंत का?" मग नोएल हळूच बोलिला, "म्हणजे... तोफ." साहेब दचकून दाराकडे सरले, म्हणाले, "कसली तोफ?" आणि एकेचाळीस मुलांनी मोरीकडे बोट केले.

पुढे जे जाहले ते राज्याने शहाण्यासारखे लांबूनच पाहिले. हरिश्चंद्ररावांनी बाह्या सारल्या, बोटातील पुष्कराज काढून खिशात टाकिला, आणि ज्या हातांनी पुलांच्या नकाशांवर सह्या होत, त्यांनी राख घेतली. प्रथम ते "या बाजूनं घास, त्या बाजूनं घास" ऐसा अंमल चालवू लागले, परंतु तोफेने दाद दिली नाही. मग खाली मान घालून घासू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कबड्डीची कप्तान झाली होतीस म्हणे. तू गेल्यावर आई म्हणाली. मला का नाही सांगितलंस?" "सांगत होते. तुम्ही पाणी मागितलंत." साहेबांचा काथ्या थांबला. "मला कधी कुणी विचारलं नाही गं," ते म्हणाले, "शाळा कुठली, नोकरी कुठली. मला वाटलं, बापानं असंच करायचं असतं." "मग आता?" "आता विचारतो. घर, पुणं, का इथं? तुला काय हवंय?" हा एक प्रश्न ऐकावा म्हणोन बाईंनी दोन महिने एका राज्याशी युद्ध केले होते, आणि तो अखेर मोरीवर येऊन पोहोचला. डोळ्यांत राख गेली ऐसे त्या म्हणाल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "विचारलंत ना? मग आता इथंच राहते. दिवाळीला न्यायला या." साहेबांनी मान डोलविली, परंतु उठले नाहीत. "इथं अजून काळं आहे," म्हणाले, आणि स्वच्छ झालेली जागाच आणखी एक घटकाभर घाशीत बसले.

ऐसे हे वर्तमान. लढाया बारा, जखमी कोणी नाही, तोफेचे बूड प्रथमच पितळेचे निघाले. पारडीचे नाव एकमुखाने हरकत ठेविले, आणि तीही हाकेस येत नाही. हरिश्चंद्ररावांनी घरी जाऊन मंडळीस पुसले, "आज भाजी कोणती करू या?" आणि मंडळीने ताप आला की काय म्हणोन त्यांचे कपाळास हात लाविला. या लिहिण्यात कोठे अधिक उणे दिसल्यास वाचणाराने खुशाल हरकत घ्यावी. राख चाळून ठेविली आहे, आणि आम्ही बाह्या सारून बसलो आहो.