करकोच्यांची खरबुजाची बाग

दान म्हणजे देणे, हा अडाण्यांचा समज आहे. बुखाऱ्यात कायमच्या दानाला वक्फ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ थांबवणे. मालमत्ता असते तिथेच थांबते. उत्पन्न तेवढे पुढे सरकते आणि तेही पुष्कळदा विश्वस्ताच्या घरी थांबते.

निजोमिद्दीन असाच एक सज्जन विश्वस्त. सानोबरबीबी नावाच्या विधवेने मदरशाच्या मिनारावरच्या करकोच्यांसाठी खरबुजाची बाग ठेवली होती. करकोच्यांना रोज मासळी, विश्वस्ताला देखरेखीचा हिस्सा, आणि नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, घरटे रिकामे आढळले तर सगळी बाग अनाथालयाला. (अशी वेळ सुदैवाने कधी आली नव्हती.)

यंदा तळी आटली आणि करकोचे फिरकलेच नाहीत. मासळीची खरेदी मात्र चोख चालू होती. (ती कुठे जात होती, ते निजोमिद्दीनच्या पोटावरून कळे.) नवरोजला काजींचा तपासनीस येणार म्हटल्यावर ते पोट सांभाळत तो घरी धावला.

"बाग गेली तर आपण काय वारा खायचा?" झुलायखो, त्याची बायको, कडाडली. "चढा मिनारावर!"

"अगं, या वयात?"

"पाय तर काटक्यांसारखेच आहेत तुमचे. पांढरा झगा घाला आणि गप उभे राहा."

नवरोजला निजोमिद्दीन लाल मोजे घालून घरट्यात एका पायावर उभा राहिला आणि चोच वाजावी तसे दोन लाकडी चमचे वाजवू लागला. खाली झुलायखो बागेच्या खर्चाने सगळ्यांना पुलाव वाढत होती. सगळा मोहल्ला माना वर करून श्रद्धेने जेवत होता.

तपासनीस म्हणाला, "करकोचा जरा लठ्ठ वाटतो."

झुलायखोने दुसरा वाडगा पुढे केला.

"म्हणजे निगा उत्तम आहे!" त्याने ढेकर दिली. "पण घरटं म्हटलं की मादी नको का हो?"

झुलायखोने डाव खाली ठेवला, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ती जिना चढू लागली. तपासनिसाने शेरा मारला: 'जोडी सुखरूप. पुढील वर्षी पिले दाखवावीत.'

अनाथालयाचे काय, असे त्या गर्दीत कोणी विचारले नाही. त्यांचे एक वेळ समजू शकते, त्यांच्या तोंडात पुलाव होता. तुमच्या तोंडात तर काहीच नव्हते.