बंद होण्याची गोड बातमी

वाईट बातमी सांगावी तर मीच. हे मी म्हणत नाही, आमचे उपसचिव म्हणतात. अर्थात मीही म्हणतो. देशाच्या ऊर्जा खात्यात मी जनसंपर्क बघतो. म्हणजे कोळसा संपला, धरण आटलं, वीज महागली की लोकांपुढे मला उभं करतात. माझी पद्धत साधी आहे. आधी कौतुक, मग आणखी कौतुक, आणि ऐकणारा पुरता सैलावला की हळूच मुद्दा. गप्पांत गुंतवून दात उपटावा, तसं.

त्यामुळे एक जुनं वीजकेंद्र बंद करायचं ठरलं, तेव्हा उपसचिव थेट माझ्या टेबलाशी आले.

"उद्या जाऊन सांगून या."

"साहेब, तिथे माझा थोरला भाऊ आहे. बॉयलरवर फोरमन."

"मग तर उत्तमच. घरचा माणूस. फक्त सभेआधी कुणाला कळू देऊ नका. भावालाही नाही."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर दादा फाटकातच उभा. मला बघून त्याचा चेहरा असा खुलला की मला परत फिरावंसं वाटलं.

"खात्यातून कुणीतरी येणार एवढंच कळलं होतं," तो म्हणाला. "तू आलास म्हणजे बातमी चांगली आहे."

"कशावरून?"

"वाईट बातमी सांगायला कुणी सख्ख्या भावाला पाठवतं का?"

मी हसलो. तिथेच घात झाला. फोरमनचा खात्यातला भाऊ हसला, ही खबर आमच्या आधी कँटीनमध्ये पोचली, आणि आम्ही आत शिरेपर्यंत तिचा नवा बॉयलर झाला होता.

कँटीन खचाखच भरलेलं. मुख्य अभियंत्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकून माइक हातात दिला. मी सुरुवात केली, "इतकी वर्षं तुम्ही देशाला उजेड दिलात." टाळ्या. "तुमचे उपकार खातं विसरणार नाही." आणखी टाळ्या. लोक सैलावले होते. मी मुद्द्याला हात घातला.

"आता या जुन्या बॉयलरला विश्रांती द्यायची वेळ आली आहे."

अख्खं कँटीन उठून उभं राहिलं. बाकं वाजायला लागली.

"तसं नव्हे," मी घाईघाईने म्हणालो, "म्हणजे इथे फार मोठा बदल होणार आहे."

"मोठा बदल म्हणतायत, ऐका!" मागून कुणीतरी ओरडलं. एका म्हाताऱ्या फिटरने तर डोळे पुसले. खाली बसा म्हणावं, तर माझा आवाज मलाच ऐकू येईना. तेवढ्यात दादा दिसला. कोपऱ्यात, एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. बोलणं आटपून तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला.

"बरं झालं तू वेळेवर आलास. कागदाच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं होतं, आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. येत नाही म्हणून सांगून टाकलं. तुझी वहिनी नाहीतरी इथून हलायला तयार नव्हती."

मी त्याचं मनगट धरलं.

"दादा, परत फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

"का रे?"

कौतुकाचं एक वाक्य सुचेल तर शपथ. "कारण हे केंद्र बंद होतंय," मी म्हणालो.

माइक हातातच होता, आणि चालू होता. माझं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत गेलं. आत कुणाचं तरी भांडं वाजत होतं, तेही थांबलं. मुख्य अभियंत्यांनी माझ्या खांद्यावरचा हात तापल्या पाइपावरून काढावा तसा काढला. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एकेक जण उठून ड्यूटीवर गेला, कारण भट्टी अजून पेटलेली होती.

दादाने माझ्यासमोरच परत फोन लावला. थोडं ऐकलं, "बरं" म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"जागा भरली म्हणतात. वाट बघत होता म्हणे एक जण."

घरी गेलो तर वहिनीने गोड केलं होतं. पहिली बातमी धावत आली होती, दुसरी चालत. मी ताटावर नुसताच बसून राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "केलंय तर खा आता. टाकायचं का ते?"

मी खाल्लं. दोनदा वाढलं तिने.

संध्याकाळी दादा बसथांब्यापर्यंत सोडायला आला. माझी बॅग त्यानेच उचलली होती, आणि मी मागितली तरी तो देईना. थांब्यावर पोचल्यावर त्याने ती खाली ठेवली. मग म्हणाला, "असलं काही असेल तर फोनवर सांगत जा. तू आलास की आम्हाला उगाच बरं वाटतं."

मी मान हलवली. तेवढ्यात बस आली, आणि इतकी भरलेली होती की न थांबताच निघून गेली.

"मागून दुसरी येते," दादा म्हणाला.

मग आम्ही दोघं सख्खे भाऊ तिथे तासभर उभे होतो, काय बोलावं ते न सुचता. त्यातला एक जनसंपर्क अधिकारी होता.