टिपणीसबाई आडव्या होतात

आमच्या टिपणीसबाई रोज सकाळी अंघोळ-पूजा आटोपून, इस्त्रीची सुती साडी नेसून समोरच्या बागेत जायच्या आणि बाकावर आडव्या व्हायच्या. चक्कर येऊन वगैरे नाही, चांगल्या ठरवून. चपला बाकाखाली जोडीने ठेवायच्या, पर्स उशाला घ्यायची आणि आभाळाकडे बघत खुशाल पडून राहायचं.

मी या कळव्यातल्या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे गच्ची गळली की मी, लिफ्ट अडकली की मी, आणि बाई आडव्या झाल्या की तेही मीच. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनसमोर उभा असताना बागेच्या वॉचमनचा फोन यायचा.

"साहेब, तुमच्या बाई परत झोपल्या."

"झोपले नाही, आडवी झालेय," मागून बाईंचा आवाज. "हरकत काय आहे?"

टेलिफोन खात्यातल्या नोकरीत बाईंनी हे 'हरकत काय आहे' कमावलेलं असावं. त्या असं विचारतात तेव्हा समोरच्याला आपली हरकत नेमकी काय होती तेच आठवत नाही.

झालं होतं असं. बागेच्या कोपऱ्यातल्या बाकावर गणपत आणि सखू असं एक म्हातारं जोडपं राहायला आलेलं. गणपत बाळकुमला एका टॉवरच्या बांधकामावर राखणदार होता. टॉवर पूर्ण झाला, लोक राहायला आले आणि राखणदाराची पत्र्याची खोली तोडली. मग ही दोघं इथे. आमच्याच काही सभासदांनी बागेची शोभा जाते म्हणून तक्रार केली. हवालदार येऊन दोघांना उठवू लागला. ती दोघं फाटकाबाहेर जायची आणि तो गेला की परत यायची. शेवटी प्रत्येक बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवायचं पालिकेने ठरवलं, म्हणजे कुणाला आडवंच होता येणार नाही.

"मग मी होते आडवी!" बाई सोसायटीच्या मीटिंगमध्ये कडाडल्या. "मला उठवून दाखवा."

"बाई, त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे," मी म्हणालो.

"बघून आलेय. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. एवढ्या वर्षांचा संसार झाल्यावर तुम्ही दोघं राहाल वेगळे?"

मी बायकोकडे बघितलं. ती विचारात पडलेली दिसली, म्हणून मी घाईघाईने पार्किंगचा विषय काढला.

रविवारी सकाळी हवालदार वेल्डरला घेऊन आला आणि मला बोलावणं आलं. दाढीचा फेस पुसत धावलो. बघतो तर बागेत एक बाक रिकामा नाही. बाईंनी आख्खं भजनी मंडळ आडवं केलेलं. शिंदेकाकू, कांबळेबाई आणि त्यांच्या पलीकडे एक ओळखीची जांभळी साडी.

"अगं आई!"

"पाठीला फार बरं वाटतंय रे," आई डोळे न उघडता म्हणाली. "तू घरी जा. गॅसवर दूध आहे."

हवालदार घामाघूम झालेला. "आजी, उठा ना. वरून ऑर्डर आहे."

"वाचून दाखव," टिपणीसबाई म्हणाल्या. "झोपणाऱ्याला उठवा म्हटलंय, की गरिबाला उठवा?"

हवालदार माझ्याकडे वळला. "तुम्ही सेक्रेटरी ना? आवरा यांना."

मी काही बोलायच्या आत मंडळाने भजन सुरू केलं. पडल्या पडल्याच. वेल्डर म्हणाला, "मी चहा पिऊन येतो," आणि गेला तो आलाच नाही. गणपत आणि सखू आपल्या बाकावर अंग चोरून बसलेली. सखू पदर तोंडावर धरून हसत होती.

पुढे बाईंनी मला वॉर्ड ऑफिसात इतके खेटे घालायला लावले की माझ्या सगळ्या रजा संपल्या. चिडचिड व्हायची, पण 'जमणार नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. अखेर वॉर्डातले साहेब कंटाळले. दांडे रद्द. आणि दोघांना एकत्र राहायची सोय होईपर्यंत त्यांना कुणी हलवणार नाही.

हाफ डे टाकून ही बातमी द्यायला पळत आलो, तर बागेत बाई नाहीत. कोपऱ्यातला बाकही मोकळा, झाडून स्वच्छ केलेला. तसाच बाईंच्या घरी गेलो. दार उघडं होतं. बाई खुर्चीत बसलेल्या, केस मोकळे, मांडीवर कंगवा. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, जिंकलो! दांडे रद्द!"

"हो का? बरं झालं."

"गणपत-सखू कुठायत?"

"टिटवाळ्याला. जावयाने चाळीत खोली घेतलीय. सकाळी येऊन घेऊन गेला." बाईंनी कंगवा हातात घेतला, परत ठेवला. "माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही हो. वेणी हल्ली बागेत सखूच घालायची. आणि घालता घालता गणपतच्या कागाळ्या सांगायची. तो बिचारा समोरच बसलेला असायचा."

मी दारातून आत आलो.

"दोघांना मिळून एक छप्पर मिळालं," बाई म्हणाल्या. "मला आनंद व्हायला पाहिजे, नाही का?"

"आईला पाठवू का, वेणी घालायला?"

"आत्ता नको. बसा जरा. जाताना सखू काय म्हणाली ते सांगते."

मी बसलो. बऱ्याच वेळाने बाई उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. सखू काय म्हणाली, ते त्यांना सांगता आलं नाही.