जंतू खुळा नसतोय

माझे मेव्हणे आदाप्पा आमच्याकडे संकेश्वरला जेवायला येतात तेव्हा स्वतःचं ताट, वाटी आणि तांब्या पिशवीत घालून आणतात. एवढंच असतं तर मी काही बोललो नसतो. पण जेवण झालं की ते स्वयंपाकघरात शिरतात, ती भांडी उकळत्या पाण्यात घालतात आणि तोवर घरातल्या कुणालाही आत येऊ देत नाहीत. पाहुण्यांना वाटतं, माणूस फार सोवळ्याचा. आमच्या हिला, म्हणजे सुजाताला, वाटायचं की भावाला आपल्या घराची किळस येते. मी म्हणायचो, जीवशास्त्र शिकवणाऱ्याचं इतपत होणारच.

आदाप्पा निपाणीच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवतात. गाव सदलगा, वय चाळिशीच्या अलीकडे, लग्न नाही. भावकीतल्या लग्नात सगळे बाप्ये आमटीच्या बादल्या घेऊन पळत असतात तेव्हा हे मांडवाच्या दारात चपला राखत बसतात. "जरा चपाती फुडं सरकवा" म्हटलं तरी त्यांचे दोन्ही हात पाठीमागे जातात. एवढ्या शिकलेल्या माणसाला चपलांशेजारी बसलेलं बघून मला चीड यायची.

बोलायला त्यांना एकच विषय पुरतो, जंतू. त्यातही रोग कसा बरा करावा हे नाही, तर जंतू आपली हत्यारं कधी बाहेर काढतो आणि कधी लपवतो, हे. हुशार पण वाया गेलेल्या पोराबद्दल बापानं बोलावं तसं ते बोलतात. "जंतू खुळा नसतोय," हे त्यांचं पालुपद.

एकदा आम्ही दोघं निपाणीच्या एसटीत होतो. शेजारी बिड्या पोचवायला निघालेल्या एक मावशी होत्या. त्यांनी सहज विचारलं, "सर, तुमी काय शिकवताय?" झालं.

"आता टायफॉइडचा जंतू बघा," आदाप्पा म्हणाले. "पाण्यात असताना त्यो हत्यार काढत न्हाय. हत्यार करायला ताकद लागती की. पोटात आंबट लागलं की सावध होतोय. फुडं आतड्यात ऊब लागली, हवा कमी झाली, की म्हणतोय, आलं ठिकाण. मग एकेका जनुकाचं बटण दाबतोय, सुईगत यंत्र बांधतोय आणि पेशीत घुसतोय. आत गेला की ते यंत्र बंद, दुसरं चालू."

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी आमच्या जावंगत," त्या म्हणाल्या. "म्हायेरात गरीब गाय. आमच्या उंबऱ्यात पाय ठिवला की बटण चालू."

मला हसू आवरेना. आदाप्पा मात्र गंभीरपणे विचारात पडले. "उंबऱ्यात त्यांना नेमकं काय लागतंय, ते बघायला पायजे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गात त्यांनी हेच उदाहरण दिलं, आणि पोरं आजही त्या धड्याला जावेचा धडा म्हणतात.

त्या दिवशी एसटीतून उतरताना मी विचारलं होतं, "आणि जंतूला हत्यार काढायचंच नसलं तर?"

"तर पित्ताशयात जाऊन ऱ्हातोय," ते म्हणाले. "पित्त लागलं की हत्यारं खाली ठेवतोय, खड्यावर थर करून वर्षानुवर्षं गप बसतोय. घरमालकाला कायबी होत न्हाय." मग ते स्टँडवरच्या पाट्या वाचत बसले. त्यांचा धडा नेहमी इथेच थांबायचा.

यंदा आमच्या मुलीचं उष्टावण ठरलं. खिरीचा पहिला घास मामानं भरवायचा, आणि मामा एकच. सुजातानं फोन केला. आदाप्पा म्हणाले, "येतो गं, पण घास दुसऱ्या कुणाला तरी भरवाय सांग."

हिनं फोन ठेवला तो आठ दिवस उचलला नाही. मग एकच निरोप पाठवला. घास भरवायचा असेल तर ये, नाहीतर पुन्हा कधी येऊ नको. सुजाता बोलली ते करणारी बाई आहे. बहीण तुटते की काय, अशी वेळ आली होती.

उष्टावणाच्या दिवशी आदाप्पा आले. हातात पिशवीऐवजी फाइल होती. पाहुणे पुढच्या खोलीत बसले होते. त्यांनी आम्हा दोघांना मागच्या दारी, बेसिनजवळ बोलावलं.

"तू बारावीला होतीस तवा आई मामाकडं गेलती," ते सुजाताला म्हणाले. "म्हैनाभर सैपाक मी केला. त्याच्या आदी मला टायफॉइड होऊन गेलता. मी बरा झालतो, पण जंतू माझ्या पित्ताशयात ऱ्हायलाता. माझ्या हातानं तुला गेला. तू तापानं पडलीस, तुझं वरीस गेलं. हे मला लई उशिरा, तपासणी केल्यावर कळलं. सांगायला तोंड झालं न्हाय."

मला माझीच लाज वाटली. मांडवाच्या दारातला तो माणूस स्वतःपासून आम्हाला राखत होता.

"गेल्या वर्षी पित्ताशय काढलं. औषध झालं. तीन तपासण्या झाल्या, तिन्हीत काय न्हाय," त्यांनी फाइल पुढे केली. "डॉक्टर म्हणतोय, गेला. पण जंतू खुळा नसतोय गं."

सुजातानं फाइल घेऊन माझ्या हातात दिली. "एवढी वर्षं एकटाच बसलास व्हय रं अण्णा, हे धरून," ती म्हणाली. मग नळ सोडला, साबण घेतला आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. लहान मुलाचे धुवावेत तसे, बोटांच्या बेचक्यांतून. "नखं दाखव," म्हणाली. त्यांनी नखं दाखवली. "चल आता. पोरगी भुकेजलीया."

आदाप्पांनी घास भरवला. चमचा त्यांनी इतका टोकाला धरला होता की निम्मी खीर माझ्या लेकीच्या हनुवटीवर सांडली. पाहुणे हसले, मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला त्यांचा फोन यायचा. "ताप?" नाही. "जुलाब?" नाही. "बरं." एवढंच. टायफॉइड उमटायला तीन आठवडे लागू शकतात, म्हणून तीन आठवडे. बाविसाव्या दिवशी ही कटकट संपली म्हणून मी चहा घेऊन निवांत बसलो, तर सातला फोन वाजला.

"ताप नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"ते न्हवं," आदाप्पा म्हणाले. "त्या दिवशी पोरीनं खीर खाल्ली तवा तिचं तोंड कसं झालतं ओ? मी बघितलंच न्हाय. मी माझ्या हाताकडंच बघत होतो."

मी त्यांना सगळं सांगितलं. तिनं आधी नाक मुरडलं, मग ओठ चाटले, आणि चमचा मागे जाताना त्यांचं बोट धरून ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतलं.