कुमुदताईंचे नऊ पाहुणे

कुमुदताईंच्या दारात कायम नऊ जोड चपला असतात आणि घरात त्या एकट्या. चपला मातीच्या आहेत, भट्टीत भाजलेल्या, हे कळायला मला तीन महिने आणि डाव्या पायाचा अंगठा खर्ची घालावा लागला.

ठाकुर्लीला राहायला आलो तेव्हा समोरच्या शेजारणीची ओळख करून घ्यायला मी तीनदा निघालो. तिन्ही वेळा दारात चपलांची ही गर्दी. पाहुणे आहेत, नंतर येऊ, म्हणून परत फिरलो. चौथ्यांदा लिफ्टमधून घाईत बाहेर पडलो आणि एका कोल्हापुरीला ठेचकाळलो. चपलेला काही झालं नाही. कुमुदताई बाहेर आल्या, आधी चप्पल तपासली, मग मला. "दादाची आहे," म्हणाल्या, "बघून चालावं."

त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर मातीत हात घातला. घडवतात फक्त चपला, त्याही घरी कधीकाळी येऊन गेलेल्यांच्या, निव्वळ आठवणीने. दादांची टाच बाहेरून झिजायची, भाचीच्या सँडलचा पट्टा कायम सुटलेला असायचा, ते सगळं त्यात आहे. माती भाजली की आकसते, म्हणून नऊ नंबरची चप्पल त्या दहाची करतात. "भट्टीत सगळेच एक नंबर लहान होतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते त्या आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनाही लावतात. कच्च्या चपला मांडीवर घेऊन रिक्षाने मानपाड्याच्या भट्टीवर जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला रिक्षावाल्याला बजावतात, "हळू घ्या, पाहुणे आहेत."

कुरियरवाला चपला बघून त्यांची पार्सलं माझ्याकडे देतो. "काका, त्यांच्याकडे काहीतरी फंक्शन चालू आहे वाटतं." पार्सल द्यायला गेलो की आमच्या गप्पा होतात, त्या दारातच. तिथेच मला कळलं की त्या नऊ जणांपैकी कुणीही वारलेलं नाही. सगळे हयात आहेत, दोघं तर डोंबिवलीतच राहतात. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका कलादालनाने नऊही जोड आठ दिवसांसाठी मागितले. त्या द्यायला तयार नव्हत्या, मीच मागे लागलो. उद्घाटनाला त्यांच्याबरोबर गेलो. पांढऱ्या चौथऱ्यांवर चपला, प्रत्येक जोडावर दिवा. एक गृहस्थ बायकोला समजावत होते की कलाकाराला यातून विस्थापन दाखवायचं आहे. कुमुदताई मला हळूच म्हणाल्या, की चपला एवढ्या उंचावर ठेवल्यावर माणूस घरात शिरणार कसा?

इकडे दार मोकळं झालं. आता तरी कुणी बेल वाजवेल, असं मला वाटलं होतं.

चपला परत आल्या तेव्हा मांडायला मी मदत केली. मांडता मांडता राहवेना, म्हणून बोललोच, की ताई, या बघूनच लोक परत जातात, मीही गेलो होतो. आत ठेवल्या तर?

त्यांनी भाचीची सँडल दाराजवळ सरकवली.

"आठ दिवस दार मोकळंच होतं ना," त्या म्हणाल्या. "कोण आलं? राहू देत इथेच. निदान न यायला काही कारण तरी असतं."

मी दादांची कोल्हापुरी उगाच सरळ केली. आठही दिवस मी समोरच्या घरातच होतो.